वाचकांचे प्रश्न : स्पंदमान अरोरा पूर्वेकडे का सरकतात?

प्रश्न : फेब्रुवारीत आम्ही पती-पत्नी नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे अरोरा पाहण्यासाठी गेलो होतो. रात्री उशिरा हिरव्या पडद्यांचा मोठा देखावा झाला आणि तो ओसरल्यावर सोबतची बहुतेक मंडळी बसमध्ये जाऊन बसली. आम्ही दोघे बाहेरच थांबलो, तेव्हा मध्यरात्र उलटून गेल्यावर आकाशभर फिकट ढगांसारखे पुंजके उजळू आणि मावळू लागले. एखादा पुंजका विझून काही सेकंदांनी पुन्हा उजळला की त्याचा आकार जवळपास तोच असे, जागा मात्र किंचित पूर्वेकडे गेलेली असे. इतक्या उंचीवरचा वारा त्यांना वाहून नेतो, असे सोबतच्या एका गृहस्थांनी सांगितले. ते बरोबर आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण पाहिलात तो स्पंदमान, म्हणजे ठरावीक काळाने उजळत-मावळत राहणारा, अरोरा. तो बाहेर थांबून पाहिल्याबद्दल आणि विशेषतः ‘आकार तोच, जागा थोडी पुढे’ हे नेमके टिपल्याबद्दल आपले मनापासून कौतुक करावेसे वाटते, कारण या विषयातील सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण तेच आहे. चुंबकांबरात, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अंमल असलेल्या अंतराळातील प्रदेशात, साठलेली ऊर्जा एकाएकी मोकळी होते तेव्हा पडद्यांचा झगमगाट दिसतो; तो ओसरू लागला की मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतच्या पट्ट्यात हे पुंजके दिसू लागतात. त्यांची उंची सुमारे 100 किलोमीटर, कधी त्याहूनही थोडी कमी असते. एकेका पुंजक्याचा विस्तार काही दहा किलोमीटरांपासून दोनशे किलोमीटरांपर्यंत असू शकतो आणि उजळण्या-मावळण्याचे एक आवर्तन बहुधा दोन ते वीस सेकंदांत पूर्ण होते. हा प्रकार मुळीच दुर्मीळ नाही. तो फिकट असतो आणि झोपेच्या वेळी होतो, म्हणून बहुतेकांच्या नजरेतून निसटतो इतकेच.

वाऱ्याचे स्पष्टीकरण मात्र बरोबर नाही. पुंजका म्हणजे एकदा पेटलेला आणि नंतर हवेबरोबर वाहत जाणारा वायूचा ढग आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात अरोराचा ओळखीचा हिरवा प्रकाश, ज्याची तरंगलांबी 557.7 नॅनोमीटर आहे, तो ऑक्सिजनच्या उद्दीपित अणूंकडून सरासरी एका सेकंदाच्या आतच बाहेर पडतो. नायट्रोजनच्या आयनांचा 427.8 नॅनोमीटरचा निळसर प्रकाश तर जवळपास तत्क्षणी निघतो. त्यामुळे आठ-दहा सेकंदांनी पुंजका पुन्हा उजळतो तेव्हा आधीच्या उजळण्यातले उद्दीपित अणू शिल्लकच नसतात. प्रत्येक वेळी वरून नवे इलेक्ट्रॉन येतात आणि नवा प्रकाश निर्माण करतात. शिवाय 100 किलोमीटरच्या आसपासचा वारा काही तासांत दिशा बदलतो आणि थोड्याशा उंचीच्या फरकानेही वेगळ्या दिशेला वाहतो. पुंजके त्याच्या हवाली असते, तर त्यांचा आकार आपण पाहिलात तसा टिकून राहिला नसता.

मग सरकते ते काय? याचे उत्तर ट्रॉम्सोच्या आकाशात नाही; ते शोधण्यासाठी पृथ्वीच्या विषुववृत्तावर फार दूर अंतराळात जावे लागते. ट्रॉम्सोच्या परिसरातून निघणारी चुंबकीय बलरेषा कमान घेत वर जाते आणि विषुववृत्तीय प्रतलात पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे सहा पृथ्वी-त्रिज्या अंतरावर, म्हणजे साधारण 38,000 किलोमीटरांवर किंवा त्याहून थोडे पलीकडे पोहोचून दक्षिण गोलार्धात उतरते. या कमानीवर काही हजार ते काही दशसहस्र इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन दोन गोलार्धांच्या दरम्यान पुढे-मागे फिरत असतात आणि त्यांतील बहुतेक वातावरणाला न भिडताच वरच्या वर परततात. विषुववृत्ताजवळ ‘कोरस’ नावाचे विद्युतचुंबकीय तरंग थांबून थांबून, झटक्याझटक्याने उमटतात. प्रत्येक झटक्यासरशी काही इलेक्ट्रॉनांच्या गतीची दिशा बदलते, ते बलरेषेला अधिक समांतर होतात आणि मग परत न फिरता थेट वातावरणात शिरतात. दहा हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनाला तेथून खाली यायला एक सेकंदही पुरतो.

ही केवळ कल्पना नाही. नासाच्या थेमिस मोहिमेच्या उपग्रहाने अंतराळात नोंदवलेले कोरस तरंगांचे चढउतार आणि ग्रीनलंडमधील कॅमेऱ्याने टिपलेले एका पुंजक्याचे चढउतार परस्परांशी जुळतात, असे निशिमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवले. पुढे जपानने डिसेंबर 2016 मध्ये सोडलेल्या अरासे उपग्रहाने, वातावरणात शिरण्याच्या दिशेला वळलेले इलेक्ट्रॉन थेट मोजले. त्यांचे प्रमाण कोरस तरंगांबरोबर कमी-जास्त होत होते आणि कॅनडातील कॅमेऱ्यात त्याच तालावर प्रकाश उजळत होता. हा निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाला.

उजळण्या-मावळण्याचे कारण असे मिळाले. आकार टिकतो आणि सरकतो, त्याचे कारण निराळे आहे, आणि माझ्या मते ते अधिक सुंदर आहे. त्याच दूरच्या प्रदेशात अत्यंत कमी ऊर्जेचा, म्हणजे थंड प्लाझ्माही (विद्युतभारित कणांचा वायू) पसरलेला असतो आणि त्याची घनता सगळीकडे सारखी नसते. कोरस तरंग कोठे वाढतील आणि कोणत्या वाटेने जातील, हे या दाट-विरळ भागांवर अवलंबून असते. म्हणून खाली दिसणाऱ्या पुंजक्याची कड ही मुख्यतः वर पसरलेल्या थंड प्लाझ्माच्या रचनेची कड असते, असे आज बहुतेक संशोधक मानतात. ताटावर पिठाची चाळणी धरून ती हळूहळू बाजूला नेली, तर पिठाचा प्रत्येक कण सरळ खालीच पडतो, तरी खालचा ठसा चाळणीबरोबर सरकत जातो. येथे चाळणी म्हणजे थंड प्लाझ्मा आणि पीठ म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. आपण पूर्वेकडे जाताना पाहिली ती चाळणी.

ही चाळणी विद्युत क्षेत्रामुळे सरकते. चुंबकीय क्षेत्राला लंब असे विद्युत क्षेत्र असले की थंड प्लाझ्मा त्या दोन्हींना लंब दिशेने सरकू लागतो, आणि त्याचा वेग विद्युत क्षेत्राला चुंबकीय क्षेत्राने भागले असता मिळतो. कणाचे वस्तुमान, विद्युतभार किंवा ऊर्जा यांचा या वेगाशी काहीही संबंध नसतो. ऊर्जावान इलेक्ट्रॉनांचे तसे नाही. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र बाहेरच्या बाजूला क्षीण होत जाते आणि बलरेषा वक्र असतात, म्हणून हे इलेक्ट्रॉन आपल्या ऊर्जेच्या प्रमाणात पूर्वेकडे वेगळेच धावतात. सहा पृथ्वी-त्रिज्यांवरच्या 30,000 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनाला पृथ्वीभोवती एक फेरी घालायला चारेक तास लागतात. ती गती बलरेषांवरून 100 किलोमीटर उंचीवर उतरवली तर सेकंदाला सुमारे एक किलोमीटर भरते. ऊर्जा एक तृतीयांश असेल तर वेगही साधारण तितकाच कमी होतो. पुंजके या ऊर्जावान इलेक्ट्रॉनांचे घोळके असते, तर जास्त ऊर्जेचे पुढे आणि कमी ऊर्जेचे मागे पडून काही मिनिटांतच पुंजका पूर्व-पश्चिम लांबट पट्ट्यात विरून गेला असता. तसे होत नाही. पुंजक्यांचा वेग बहुधा सेकंदाला काहीशे मीटरच असतो आणि आकार टिकून राहतो. वाहक थंड प्लाझ्मा आहे असे म्हणण्याचा हा सर्वांत भक्कम आधार आहे.

आता दिशेविषयी. सौर वाऱ्याच्या, म्हणजे सूर्याकडून सतत येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोताच्या, प्रभावामुळे चुंबकांबरातील प्लाझ्मा ध्रुवावरून सूर्याच्या विरुद्ध दिशेला ओढला जातो आणि अरोराच्या पट्ट्यातून दोन बाजूंनी सूर्याकडे परततो. संध्याकाळच्या बाजूने सूर्याकडे परतायचे म्हणजे पश्चिमेकडे जायचे आणि पहाटेच्या बाजूने परतायचे म्हणजे पूर्वेकडे. स्पंदमान अरोरा मुख्यतः मध्यरात्रीनंतरचा असल्यामुळे आपल्याला त्याची पूर्वेकडची चाल दिसली. मध्यरात्रीपूर्वी दिसणारे पुंजके सामान्यतः पश्चिमेकडे जातात.

प्रश्न : या सरकण्याचा वेग साध्या डोळ्यांनी मोजता येईल का? आमच्या शाळेतील खगोल मंडळाची काही मुले पुढील वर्षी पालकांसोबत फिनलंडला जाणार आहेत, त्यांना एखादा प्रयोग द्यावा असे वाटते.
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : अवश्य द्यावा, यासाठी घड्याळ आणि संयम एवढेच साहित्य लागते. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती आकाशात सुमारे 10 अंश व्यापते. डोक्यावर 100 किलोमीटर उंचीवरच्या वस्तूसाठी 10 अंश म्हणजे साधारण साडेसतरा किलोमीटर. मुलांनी शक्यतो डोक्यावर असलेला, ठळक कडेचा एक पुंजका निवडावा, ती कड एखाद्या ताऱ्याजवळ असताना वेळ नोंदवावी आणि ती मूठभर अंतर ओलांडेपर्यंत वाट पाहावी. मध्ये पुंजका अनेकदा विझेल आणि उजळेल, तेवढ्याने गोंधळून जाऊ नये. एक मिनिट लागले तर वेग सेकंदाला सुमारे 300 मीटर, तीन मिनिटे लागली तर 100 मीटर. ताऱ्यांची स्वतःची चाल मिनिटाला पाव अंश एवढीच असते, तेव्हा एवढ्या ढोबळ मापनात ती सोडून दिली तरी चालेल.

यापुढची पायरी मुलांना विशेष आवडेल असे मला वाटते. तेथील चुंबकीय क्षेत्र सुमारे 50,000 नॅनोटेस्ला असते. या संख्येने वेगाला गुणले की सेकंदाला 300 मीटर या वेगासाठी विद्युत क्षेत्र मीटरला 15 मिलिव्होल्ट येते. म्हणजे हाताची मूठ आणि घड्याळ यांच्या साहाय्याने मुले आयनांबरातील, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित कण असलेल्या वरच्या थरातील, विद्युत क्षेत्र मोजतील, आणि तेही अग्निबाण किंवा रडार यांच्याशिवाय. शिवाय बलरेषा वर जाताना एकमेकींपासून दूर पसरत जातात, त्यामुळे हीच हालचाल विषुववृत्तीय प्रतलात पूर्व-पश्चिम दिशेने साधारण पंधरा पट मोठी होते. खालचे 300 मीटर म्हणजे तेथे सेकंदाला सुमारे साडेचार किलोमीटर.

एक सावधगिरी मुलांना आधीच सांगून ठेवावी. काही पुंजक्यांत उजळणे एका कडेपासून सुरू होऊन दुसऱ्या कडेपर्यंत झपाट्याने धावत जाते. त्या धावेचा वेग सेकंदाला काही दहा किलोमीटर असू शकतो. ते पुंजक्याचे सरकणे नव्हे. वेग मोजायचा तो कडेचा.

प्रश्न : पुंजके प्लाझ्माच्या गतीनेच सरकतात, हे कोणी प्रत्यक्ष ताडून पाहिले आहे का? काही मापनांत पुंजक्यांचा वेग आणि रडारने मोजलेला वेग जुळत नाहीत असे मी वाचले आहे. मग मूळ सिद्धांतच चुकीचा ठरत नाही का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताडून पाहिले आहे, आणि आपण वाचलेलेही खरे आहे. स्कोरफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये स्पंदमान अरोराचे सरकणे आणि नॉर्वे व फिनलंडमधील रडारच्या जोडीने मोजलेले विद्युत क्षेत्र यांची तुलना करून दोन्ही जुळत असल्याचा पुरावा मांडला. 1987 मध्ये जपानचे नाकामुरा आणि ओगुती यांनी अरोराच्या रचनांच्या सरकण्यावरून चुंबकांबरातील विद्युत क्षेत्राचा अभ्यास केला. तेव्हापासून पुंजक्यांकडे विद्युत क्षेत्र दाखवणारे नैसर्गिक साधन म्हणून पाहिले जाऊ लागले. अशा साधनाची गरजही मोठी आहे, कारण रडारला प्रतिध्वनी देणारी परिस्थिती सर्वत्र आणि सर्वकाळ नसते, तर अरोरा टिपणारे कॅमेरे कॅनडा, अलास्का आणि स्कँडिनेव्हिया येथे दाटीने पसरलेले आहेत.

आपण वाचलेला मुद्दा बहुधा हम्बरसेट आणि सहकाऱ्यांच्या 2018 मधील कामाचा असावा. त्यांनी चार पुंजके निवडून त्यांचा स्वतंत्रपणे पाठपुरावा केला. आकार आश्चर्य वाटावे इतका टिकाऊ निघाला : साडेचार ते साडेआठ मिनिटे पुंजक्याचा 85 ते 100 टक्के भाग पुन्हा पुन्हा तसाच उमटत राहिला. मात्र रडारच्या जाळ्यावरून काढलेल्या प्लाझ्माच्या वेगाशी त्यांचे सरकणे जुळले नाही. यावर लगेच सिद्धांत मोडीत काढण्याआधी वेग कोणत्या चौकटीत मोजला आहे हे पाहायला हवे. कॅमेरा पृथ्वीबरोबर फिरत असतो. 65 अंश अक्षांशावर जमीनच सेकंदाला सुमारे 200 मीटर वेगाने पूर्वेकडे जाते. पुंजका कॅमेऱ्याला स्थिर दिसला, तर तो खरोखर थांबलेला नसून पृथ्वीबरोबर फिरत असतो. या संशोधकांनी फिरती चौकट बाजूला ठेवून वेग काढला तेव्हा तो सेकंदाला 230 ते 287 मीटर, ईशान्येकडे असा आला, आणि पहाटेच्या बाजूने सूर्याकडे परतणाऱ्या प्रवाहाकडून सर्वसाधारणपणे अशाच वेगाची अपेक्षा असते. रडारचे नकाशे मोठ्या क्षेत्रावरची सरासरी देतात आणि पुंजका फक्त काही दहा किलोमीटरांचा असतो, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. चार पुंजक्यांवरून सिद्धांत उभा राहत नाही तसा पडतही नाही.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. सगळे स्पंदमान अरोरा एका जातीचे नाहीत. ग्रोनो आणि डोनोव्हन यांनी 2018 मध्ये त्यांचे तीन प्रकार वेगळे केले. पहिल्या प्रकारात आकार इतक्या वेगाने बदलत राहतो की एका उजळण्यातला पुंजका पुढच्या उजळण्यात ओळखताच येत नाही. दुसऱ्यात आकार टिकतो आणि पुंजक्याचा मोठा भाग स्पंद पावतो. तिसऱ्यात आकार टिकतो, पण स्पंदन अगदी थोड्या भागात असते किंवा जवळजवळ नसतेच. प्लाझ्माच्या प्रवाहाचा माग काढायला उपयोगी पडतात ते शेवटचे दोन प्रकार. पहिल्या प्रकाराला जबरदस्तीने एक वेग चिकटवला तर जो आकडा निघेल त्याला अर्थ उरत नाही, आणि जुन्या मापनांमधील काही विसंगतींचे मूळ या सरमिसळीत असणे शक्य आहे.

कोडी मात्र उरलेली आहेत, आणि ती झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. पुंजक्याचा आकार विषुववृत्ताजवळच ठरत असेल, तर एकाच बलरेषेच्या दोन्ही टोकांना, म्हणजे उत्तरेत आणि दक्षिणेत, तो सारखाच उमटायला हवा. अंटार्क्टिकातील जपानचे स्योवा केंद्र आणि आइसलँड ही अशी परस्परांशी जोडलेली ठिकाणे आहेत. तेथून एकाच वेळी केलेल्या निरीक्षणांत अनेकदा दोन्हीकडचे पुंजके आकाराने आणि तालाने वेगळे निघाले. तेव्हा खालच्या आयनांबराचाही या घडणीत काही वाटा असावा, या शंकेला जागा आहे.

प्रश्न : पुंजके पूर्वेकडे जातात तेव्हा त्याच उंचीवरचे आयनही त्यांच्याबरोबर पूर्वेकडे जातात का?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही. 100 किलोमीटर उंचीवर हवा विरळ असली तरी आयनांची तिच्या रेणूंशी वारंवार टक्कर होते, त्यामुळे ते चुंबकीय क्षेत्राला धरून राहू शकत नाहीत आणि बऱ्याच अंशी हवेबरोबरच राहतात. इलेक्ट्रॉन मात्र या उंचीवरही विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या हुकमतीत असतात आणि पूर्वेकडे सरकतात. ऋण भार पूर्वेकडे आणि धन भार जवळपास जागच्या जागी, म्हणजे विद्युतप्रवाह पश्चिमेकडे. पहाटेच्या बाजूला अरोराच्या पट्ट्यातून पश्चिमेकडे वाहणारा जो मोठा विद्युतप्रवाह जमिनीवरच्या चुंबकमापकांवर उमटतो, तो असा निर्माण होतो. पुंजक्यांचे सरकणे आणि त्या चुंबकमापकांची सुई, दोन्हींच्या मुळाशी एकच विद्युत क्षेत्र आहे.

प्रश्न : मी काढलेल्या छायाचित्रांत हे पुंजके नुसते धुरकट हिरवे दिसतात. काय चुकले असावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कॅमेऱ्याचे शटर दहा-पंधरा सेकंद उघडे ठेवले असेल, तर एक-दोन पूर्ण आवर्तने एकाच चित्रात मिसळली. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवून, संवेदनशीलता वाढवून, एका-दोन सेकंदांची छायाचित्रे सलग काढावीत किंवा शक्य असल्यास चलचित्रण करावे. प्रत्येक चित्राची अचूक वेळ नोंदली जाते आहे ना, हे आधी तपासून घ्यावे. वेळ आणि तारे दोन्ही असतील तर पुंजक्याचा वेग नंतर घरी बसूनही काढता येतो.

प्रश्न : मे 2024 मध्ये लडाखमधील हानले येथून अरोरा दिसला. असा स्पंदमान अरोरा भारतातून कधी दिसेल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : भारताच्या भूमीवरून तशी अपेक्षा ठेवता येत नाही. हानलेहून दिसली ती अरोराच्या वरच्या भागाची लाल आभा. तो प्रकाश काहीशे किलोमीटर उंचीवरचा असल्यामुळे दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूरवरूनही क्षितिजावर डोकावू शकतो. 100 किलोमीटर उंचीवरचा पुंजका सुमारे 1,100 किलोमीटरांच्या पलीकडे गेला की क्षितिजाखाली जातो. लाल प्रकाश देणारा ऑक्सिजनचा अणू उद्दीपित अवस्थेत सरासरी दीड-दोन मिनिटे राहतो, त्यामुळे काही सेकंदांची स्पंदने त्या प्रकाशात दिसणेही शक्य नसते.

भारतीयांना हा अरोरा आपल्याच केंद्रावरून पाहायचा असेल, तर अंटार्क्टिकात जावे लागेल. तेथे 1989 पासून कार्यरत असलेले मैत्री केंद्र अरोराच्या पट्ट्याच्या आसपास येते आणि पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञ तेथे चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेत आले आहेत. दक्षिण गोलार्धातही मध्यरात्रीनंतर पुंजक्यांची सर्वसाधारण चाल पूर्वेकडेच असते, कारण बलरेषेच्या दोन्ही टोकांशी दिसणारी हालचाल ही मूलतः वरच्या एकाच थंड प्लाझ्माची हालचाल आहे.